खुर्चीवर बसून देश दिसत नाही

आमचे साहेब चहा आला की आधी कप उचलून बशी उलटी करायचे. खाली काही छापलेलं असलं तर चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, नसलं तर अंगठ्यानं घासून पाहायचे. एवढं होईस्तोवर चहावर साय धरायची. मग ती साय बोटानं काढून बशीच्या काठाला लावायची आणि चहा प्यायचा. हिमरूची शाल असो, देवाचा टाक असो, लग्नाची पत्रिका असो, हातात आलेली वस्तू उलटी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "सुलटी बाजू दाखवायलाच असते," ते म्हणायचे. "अस्सल काय ते उलट्या बाजूला." ऑफिसातले आम्ही लोक त्यांच्या माघारी त्यांना अस्सलसाहेब म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं.

ऑफिस म्हणजे औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर खालच्यानं रस्त्यावर जाऊन थांबायचं. तिथून साहेब लोकांना देश दाखवायचे. परदेशी पाहुण्यांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. त्यांचे पाहुणे मुंबईचे, पुण्याचे, बंगलोरचे, दिल्लीचे. चांगल्या नोकऱ्या, चांगले बूट, आणि आपण आपलाच देश पाहिला नाही ही चुटपुट लागलेली. साहेबांनी ती चुटपुट बरोबर हेरली होती. त्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं, 'अस्सल देश, एका दिवसात'. सकाळी मकबरा, दुपारी वेरूळ, आणि ऊन कलायला लागलं की देवगाव रंगारी. म्हणजे माझं गाव. त्यातही गावाबाहेरचं माळाकडचं एक घर, म्हणजे माझं घर.

मकबऱ्यापाशी रोज एकच तमाशा व्हायचा. कुणीतरी म्हणायचंच, "म्हणजे ही ताजमहालाची नक्कल ना?" की साहेब तापलेच. "नक्कल? एका मुलानं आईसाठी बांधलंय हे. आईची आठवण कुणाची नक्कल असते होय? तुमची आई काय शेजारणीची नक्कल आहे?" पाहुणे गोरेमोरे व्हायचे. एक गृहस्थ तर तिथूनच रिक्षा करून हॉटेलवर परत गेले. त्या घडीला मला साहेब फार आवडायचे. एखाद्या गोष्टीला कुणाची तरी खालच्या दर्जाची कॉपी म्हटलं की तिचं काय होतं, ते या माणसाला कळत होतं. कळत होतं, म्हणूनच आमच्या दारात त्यांनी जे केलं त्याचा मला जास्त राग आहे.

तऱ्हा तर किती सांगाव्यात. जन्माचे शाकाहारी, पण शहरात मटणाचा अस्सल नान-खलिया कुठला याचा निकाल तेच द्यायचे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून डोळे मिटायचे, दोनदा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "नाही. याच्या बापाच्या हाताला होतं, याच्या नाही." पाहुण्यांना मग दुसऱ्या गल्लीत नेलं जायचं. एकदा आमच्या ड्रायव्हरनं, जो लहानपणापासून तेच खात आला होता, धीर करून म्हटलं, "साब, खाके तो देखो." त्यावर साहेब म्हणाले, "जबान झूठ बोलती है मियाँ, नाक नहीं." ड्रायव्हर माझ्याकडं बघून नुसता हसला. छत्री ते कधी उघडायचे नाहीत, नुसती बगलेत. पावसात भिजत चालायचे आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या माणसाला विचारायचे, "भिजायला काय झालंय?"

माझ्या नोकरीची गोष्टही अशीच. मुलाखतीला मी जीव मुठीत धरून गेले होते. टायपिंग शिकलेली, कॉलेजची दोन वर्षं झालेली, शहरात नातेवाइकांकडं राहिलेली. साहेबांनी गाव विचारलं, मी सांगितलं. जात विचारली, तीही सांगितली. धनगर म्हटल्याबरोबर ते खुर्चीतून उठले.

"मेंढ्या आहेत?"

"होत्या. आबांनी विकल्या."

"अरेरे. आणि पाल?"

पाल म्हणजे आमचं फिरतं घर. चार काठ्या, वर जाड कापड, खाली घोंगडं. दसरा झाला की आबा आणि माय मेंढरं घेऊन निघायचे, कुणब्यांच्या वावरात रात्री कळप बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, घोड्यावर पाल लादून पुढच्या शिवारात जायचे. मी अशाच एका पालात जन्मले. पण ते सगळं संपून काही वर्षं झाली होती. मी म्हटलं, "पाल गुंडाळून ठेवलंय घरामागं. आता आमचं स्लॅबचं घर आहे."

घराचं त्यांनी ऐकलंच नाही. "गुंडाळलेलं का होईना, पाल आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मला दुसऱ्याच दिवशी कामावर बोलावलं. माझं टायपिंग कसं आहे ते त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

इथं घराबद्दल सांगायला हवं, कारण ते घर म्हणजे माझ्या आबांचा जन्माचा हट्ट होता. मोठा भाऊ वाळूजला कारखान्यात लागला, आबांनी कळप विकला, आणि दोघांनी मिळून माळाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. स्लॅब, पंखा, भिंतीवर घड्याळ, प्लॅस्टिकच्या नव्हे, लाकडी हाताच्या खुर्च्या. पण आबांच्या लेखी घराची खरी वस्तू म्हणजे उंबरा. पालाला उंबरा नसतो. आबा म्हणायचे, "जिंदगी बिनउंबऱ्याची गेली. पाव्हणा आला का गेला, समजायचंच नाय. आत कुठं अन् बाहीर कुठं?" मायच्या लग्नातलं माप पालाच्या तोंडाशी उघड्या मातीवर ठेवलेलं होतं. ते ओलांडून ती संसारात आली, पण ओलांडून पोचली कुठं तर पुन्हा मातीवरच. म्हणून घर झालं त्या दिवशी तिनं हट्ट धरला, मी माप ओलांडूनच आत जाणार. तोवर लेकाचं लग्न होऊन गेलेलं. तरी उंबऱ्यावर धान्याचं माप ठेवलं, मायनं डोक्यावर पदर घेतला, पायानं माप लवंडलं आणि आत गेली. बायका हसून हसून बेजार. तीही हसत होती आणि रडत होती. त्यानंतर रोज सकाळी ती उंबऱ्याला हळदकुंकू लावायची. एवढ्या वयात तिला पुजायला उंबरा मिळाला होता.

साहेब पहिल्यांदा गावी आले तेव्हा आबा फेटा बांधून दारात उभे. आत खुर्च्या पुसून ठेवलेल्या, नवा कपबशांचा संच काढलेला. साहेबांनी दुरूनच घर पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. "हे झाकता येईल का?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं ते घराजवळच्या उकिरड्याबद्दल बोलताहेत. ते घराबद्दल बोलत होते.

मग ठरलं ते असं. घराच्या मागल्या बाजूला, माळाकडं तोंड करून पाल उभं करायचं. पाहुणे यायच्या आधी दारावर तरटाचा पडदा सोडायचा, भावाची फटफटी गोठ्यात ढकलायची, मायनं स्टीलची भांडी आत ठेवून पितळी तांब्या काढायचा, आबांनी मनगटावरचं घड्याळ काढायचं. पाहुण्यांनी पालात घोंगड्यावर बसायचं, भाकरी आणि ठेचा खायचा, आबांनी मेंढरांच्या गोष्टी सांगायच्या. साहेब ओळख करून द्यायचे, "हे आपले धनगरबाबा." आबांना नाव होतं. गावात लोक त्यांना नावानं आणि मानानं बोलवायचे. पण पाहुण्यांपुढं ते धनगरबाबा झाले.

मी घरी भांडले. म्हटलं, मी नोकरी सोडते, हे नाटक नको. आबांनी ऐकलं नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता. "तुह्या साहेबाचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आपल्या घरी मुंबईचं मानूस येतंय, दिल्लीचं येतंय. पाव्हणा दारापातूर आला ना बाई, मंग आत याला कितीक उशीर? आज नाय तर उद्या येतील."

आबांना एवढंच हवं होतं. त्यांच्या घरात, उंबऱ्याच्या आत, त्या खुर्चीवर एका तरी पाहुण्यानं बसावं आणि कपबशीतून चहा प्यावा. जातवाले, गाववाले येऊन गेले होते, त्याचं काही नाही. जे देश पाहायला निघालेत त्यांनी हेही पाहावं, की धनगराला घर झालं. दर खेपेला माय चहाचं आधण आतल्या चुलीवर ठेवायची आणि कपबशा धुऊन पालथ्या घालायची. दर खेपेला त्या तशाच उचलून फळीवर जायच्या.

एकदा जवळजवळ जमलं होतं. नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, अंगानं जाड, गुडघे गेलेले. पालात वाकून शिरणं त्यांना जमेना. त्यांनी सहज विचारलं, "मागं ते घर तुमचंच ना? खुर्ची असेल का हो एखादी?"

आबांचं तोंड असं उजळलेलं मी त्याआधी भावाच्या नोकरीच्या दिवशीच पाहिलं होतं. "हाय की माय! या ना घरात, चांगल्या लाकडाच्या खुर्च्या हायेत," म्हणत ते पळतच दाराकडं गेले. तरटाचा पडदा त्यांनी बाजूला केला. खांद्यावरच्या उपरण्यानं खुर्ची पुसली. मायनं आतून पंखा लावला, त्याचा आवाज बाहेर आला.

साहेबांनी बाईंचा दंड धरला, अगदी आदरानं. "बाई, खुर्चीवर बसून देश दिसत नाही," ते म्हणाले. सगळे पाहुणे हसले, कुणीतरी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ड्रायव्हरनं गाडीतली गादी आणली, दोघांनी धरून बाईंना कसंबसं खाली बसवलं. त्या सगळा वेळ दाराकडं बघत होत्या. निघताना आबांना म्हणाल्या, "पुन्हा येईन तेव्हा घरात बसू हं." बोलायची रीत म्हणून बोलल्या असतील. आबांनी मात्र ते धरून ठेवलं. पुढं कितीतरी दिवस माळाच्या वाटेनं गाडीचा आवाज आला की ते म्हणायचे, "नागपूरच्या बाई असतील."

त्या दिवशी परतताना गाडीत मी साहेबांना सरळ विचारलं, "घरात बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

"तसलं घर त्यांनी नागपुरात पाहिलंय," ते म्हणाले. "खुर्ची पाहिलीय, पंखा पाहिलाय. त्यासाठी इतक्या लांब आल्या का त्या? तुझ्या वडलांकडं एकच चीज अशी आहे जी या लोकांकडं नाही. ती दाखवतो मी. मी त्यांचा मान वाढवतो."

"आणि आमच्याकडं जे त्यांच्यासारखंच आहे ते?"

"ते सगळीकडं आहे. ते काय पाहायचं?" आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मेंढरांचा प्रकार त्यानंतरचा. पाल आहे पण मेंढ्या नाहीत, हे साहेबांना सलत होतं. त्यांनी कन्नडकडच्या एका धनगराशी बोलून पाहुण्यांच्या दिवशी त्याचा कळप आमच्या माळावर आणायची सोय केली. आबांनी नको म्हणून पाहिलं. आबा नको का म्हणताहेत ते साहेबांना कळलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. मेंढरू हाकेला येतं ते आपल्या धन्याच्या. लहानपणापासून एकच हाळी ऐकलेली असते, दुसऱ्यानं कितीही ओरडावं, ते मान वर करत नाही. हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. साहेबांना वाटलं, धनगर तो धनगर आणि मेंढी ती मेंढी.

दिल्लीचं एक मोठं कुटुंब होतं. कॅमेरे सरसावले. साहेब म्हणाले, "धनगरबाबा, हाळी द्या." आबांनी हाळी दिली. मी ती कित्येक वर्षांनी ऐकली. आधी जिभेचा टकटक आवाज, मग लांबवर जाणारा हेल. पालात झोपलेली असताना पहाटे हाच आवाज माझ्या कानावर यायचा. एकही मेंढी हलली नाही. आबांनी पुन्हा हाळी दिली. कळप चरत राहिला. खरा मालक बाभळीमागं लपवून बसवलेला, तो बिचारा अंग चोरून बसला होता. एक पोरगं खदखदून हसलं, त्याच्या आईनं त्याला दटावलं आणि स्वतःच हसली. साहेबांनी वेळ मारून नेली. "काय सांगायचं, आजकाल मेंढरंसुद्धा बिघडली," ते म्हणाले, आणि लोकांना तेही पटलं.

आबा घरात गेले. मी मागं गेले तर ते खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "मही मेंढरं असती तर डोंगरापल्याडून आली असती." मग थोड्या वेळानं, "लोकाला वाटलं आसंल, म्हातारं सोंग करतंय. धनगर नायच ते." आयुष्यभर जे केलं तेच त्या दिवशी खोटं ठरलं होतं. मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. आबांनीही त्याच आठवड्यात पाल उतरवलं, कापड फाडून कडब्याच्या गंजीवर घातलं.

आता साहेबांची ती एक गोष्ट सांगते, जी सांगितली नाही तर मी त्यांच्यावर अन्याय केला असं होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा हर्सूलच्या तलावावर पाहुण्यांची वाट बघत आम्ही बसलो होतो. गाडी पंक्चर झालेली, वेळ जात नव्हता. साहेब एकदम म्हणाले, "मी शाळेत सगळं उर्दूत शिकलो, माहिती आहे तुला?" त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत कारकून. घरात देवपूजा, सोवळं, आणि बाहेर निघताना शेरवानी आणि रूमी टोपी, वर काळा गोंडा. मुलालाही तशीच छोटी टोपी होती. पोलीस ॲक्शन झालं त्या आठवड्यात वडलांनी दोन्ही टोप्या न्हाणीघराच्या चुलीत घातल्या. "गोंडा लवकर जळत नाही," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून घरात उर्दू शब्द काढायचा नाही असं ठरलं. शाळा मराठी झाली. यांच्या मराठीला पोरं हसायची, मास्तर हसायचे. नवा आलेला एक मास्तर म्हणाला, तू अस्सल मराठी नाहीस. जुना उर्दूचा मास्तर आधी म्हणायचा, तुझी उर्दू घरची नाही. "म्हणजे मी कुठला?" साहेबांनी तलावाला विचारावं तसं विचारलं. तेवढ्यात गाडी आली.

मला त्यांची कीव यायला हवी होती. त्या दिवशी आलीही होती. नंतर आमच्या दारावर तरट लागलं आणि कीव गेली ती गेलीच. ज्याला उभ्या जन्मात कुणी अस्सल म्हटलं नाही, तो उठून सगळ्या जगाला अस्सलपणाचे दाखले देत फिरतो. आणि दाखला द्यायचा तर समोरच्यानं जागचं हलायचं नाही, ही अट.

पुढं त्यांचा धंदा बसला. मोठ्या गाड्या घेऊन नवी पोरं आली, औरंगपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत मोबाइलचं दुकान झालं. मला जिल्हा परिषदेत नोकरी लागली होती. एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न शहराबाहेरच्या नव्या हॉटेलात होतं. गाडीतून उतरले तर दारात साहेब उभे. अंगावर चकचकीत शेरवानी, डोक्यावर लाल रूमी टोपी, काळा गोंडा कानावर लोंबतोय. येणाऱ्या प्रत्येकाला वाकून "आदाब अर्ज है, तशरीफ लाइये" म्हणत होते. एका बाईनं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि हॉटेलच्या मॅनेजरला विचारलं, "हे खरे नवाबी घराण्यातले का?" मॅनेजर म्हणाला, "एकदम अस्सल, मॅडम."

साहेबांनी मला ओळखलं. लाजले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ती उलटी केली आणि माझ्यापुढं धरली. "बघ," ते हळूच म्हणाले, "आत पुठ्ठा आहे." मग ती पुन्हा घातली, गोंडा नीट केला, कारण मागून वऱ्हाडी येत होते.

मला आनंद झाला. तो लपवावा असंही मला वाटलं नाही. जेवताना मात्र घास नीट उतरला नाही, हेही खरं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते आमच्या गावी आले. पाहुणे नाहीत, गाडी नाही, एकटेच, एसटीनं. मी रविवारची घरी होते. माळाच्या वाटेनं बगलेत छत्री धरून उन्हात चालत येणारा माणूस आधी मायनं ओळखला. "तुहा साहेब दिसतोय गं," ती म्हणाली. मी म्हटलं, दार लाव. आबा काठी टेकत उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. तेव्हा ते फार थकले होते. तरी आत वळून मायला म्हणाले, "कपबश्या काढ."

"या साहेब. आत या."

साहेब दारापाशी घुटमळले, मग चपला काढून उंबरा ओलांडून आत आले. आबांनी पंखा लावला. त्यांना खुर्ची दिली, स्वतः समोर खाली बसले. मायनं पाणी दिलं, चहा केला. त्या संचातल्या कपाला पहिल्यांदा बाहेरगावच्या पाहुण्याचा हात लागत होता. साहेबांनी कप उचलला, बशी उलटी केली, अंगठ्यानं घासली. "बाजारातली दिसते," म्हणाले.

"व्हय. कन्नडच्या बाजारातली," आबा म्हणाले.

साहेबांनी चहा प्यायला. हॉटेलातली नोकरी सोडली म्हणाले. फार काही सांगितलं नाही. आबा त्यांच्या तोंडाकडं बघत होते. कशाची वाट बघताहेत ते मला कळत होतं, मायला कळत होतं. भिंतीवर घड्याळ होतं, भावाच्या लग्नाचा फोटो होता, खिडकीला मायनं शिवलेला पडदा होता. एक शब्द. 'घर चांगलं बांधलंत' एवढं जरी म्हणाले असते तरी चाललं असतं.

साहेबांनी कप खाली ठेवला, खिडकीतून मागं पाहिलं आणि म्हणाले, "धनगरबाबा, पाल कुठंय?"

"काढलं साहेब. कव्हाच काढलं."

"काढलंत?" त्यांचा आवाज खरोखर कापला. "अहो, का काढलंत? मी त्याच्यासाठी आलो. म्हटलं, घटकाभर तिथं बसावं. इकडं सगळं असंच झालंय. तेवढं एक अस्सल होतं तुमच्याकडं."

मी उठणार होते, मायनं माझा हात धरला. आबा काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, मह्या मायबापाचं पाल अस्सल, मंग म्या बांधलं ते कोनाचं? ह्यो पंखा फिरतो, त्यो काय दुसऱ्या देशात फिरतो का?"

"तसं नाही हो," साहेब म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं."

"नसंल कळत. उठा जरा."

साहेब उठले. आबांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी ती खुर्ची उचलली. मी पुढं झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. धाप लागत होती, तरी ती खुर्ची त्यांनी उंबऱ्याबाहेर नेली, घराला वळसा घातला आणि जिथं पाल उभं राहायचं बरोबर तिथं उन्हात नेऊन ठेवली. घराकडं तोंड करून ठेवली. साहेब चपला घालून त्यांच्या मागोमाग गेले.

"बसा," आबा म्हणाले. "तुमीच म्हनायचे ना, खुर्चीवर बसून देश दिसत नाय म्हनून? बसा अन् बगा बरं, दिसतो का."

आम्ही खिडकीतून बघत होतो. साहेब थोडा वेळ खुर्चीपाशी उभे राहिले. मग त्यांनी ती उचलली, फिरवली, आणि घराकडं पाठ करून, रिकाम्या माळाकडं बघत तिच्यावर बसले. छत्री मांडीवर, ऊन डोक्यावर. एसटीची वेळ होईस्तोवर ते तसेच बसून होते.

आबा आत आले. त्यांनी पालथी पडलेली बशी सरळ केली, रिकामा कप तिच्यावर ठेवला, आणि पंखा बंद केला.